‘वय झालं’ हे निदान नव्हे

आईला शेजारणीचं नाव पटकन आठवलं नाही, बाबा चष्मा कुठे ठेवला ते विसरले, काकांनी तोच किस्सा एका बैठकीत दोनदा सांगितला, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आता वय झालं त्यांचं, चालायचंच.’ म्हणणारा प्रेमानेच म्हणतो. पण याच वाक्याचा आधार घेऊन पुढे आईचं पासबुक मुलाच्या कपाटात जातं, बाबांना सोसायटीच्या कामातून अलगद बाजूला केलं जातं, घरातल्या लग्नाचं काकांना काही विचारणं बंद होतं. दुसऱ्या एखाद्या घरात आजी गेल्या सहा महिन्यांत आमटीला फोडणी आधी की डाळ आधी याचा घोळ घालू लागलेली असते, चाळीस वर्षं राहिलेल्या गल्लीत चुकू लागलेली असते. तिथेही हेच वाक्य येतं आणि तिला डॉक्टरांकडे न्यायचं राहून जातं. धडधाकट माणसाला दुबळं ठरवणारं आणि आजारी माणसाला उपचारापासून तोडणारं हे एकच वाक्य आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

ते नुसतं घरगुती बोलणं असतं तर एवढा लेख लिहिण्याची गरज नव्हती. हल्ली त्याला शास्त्राचा दाखला जोडतात. ‘संशोधनानेच सिद्ध झालंय’ असं म्हणून सांगितलं जातं की बुद्धी आणि स्मृती विशी-तिशीपासूनच उताराला लागतात. म्हातारपणी मेंदू आकसतो, तेव्हा ही घसरण कुणाला चुकत नाही. आणि स्मृतिभ्रंश हे या घसरणीचंच शेवटचं टोक असल्याने त्यावर करण्यासारखं काही नाही. यातल्या प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे. म्हणूनच ती लोकांना पटतात, आणि म्हणूनच ती नीट उकलून पाहायला हवीत. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जुनी आहे. तिच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का आहे हा दावा अलीकडचा आहे आणि तो चुकीचा आहे.

विशीपासून उतार लागतो हे कळलं कसं, तिथून सुरुवात करू. वीस, चाळीस, साठ आणि ऐंशी वर्षांची माणसं एकाच महिन्यात चाचणीला बसवायची, प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि ठिपके जोडायचे. रेघ उतरती निघते. ती पाहून आपण समजतो की माणूस विशीत शिखरावर असतो आणि मग जन्मभर खाली येत राहतो. पण त्या रेघेत एकही माणूस म्हातारा झालेला नाही. विशीतली माणसं वेगळी आहेत, ऐंशीतली वेगळी. त्यांच्यात वयाचं अंतर आहे, तसंच शाळेचं, आहाराचं, बालपणीच्या आजारांचं, कागद-पेन्सिलीच्या परीक्षेला बसण्याच्या सवयीचंही अंतर आहे. आज पंचाहत्तरीत असलेली बाई जन्मली त्या सुमाराला, १९५१ च्या जनगणनेत, भारतातल्या स्त्रियांच्या साक्षरतेचं प्रमाण ८.८६ टक्के होतं. अशा काळात वाढलेल्या बाईचे गुण तिच्या पदवीधर नातीच्या गुणांशेजारी मांडायचे आणि मधल्या फरकाला ‘वयाचा परिणाम’ म्हणायचं, याला संशोधन म्हणता येणार नाही. तो फरक बराचसा आपल्या देशाच्या शाळांचा इतिहास आहे.

ही चूक फार पूर्वी ध्यानात आली होती. के. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात एका आरोग्य संस्थेच्या सभासदांमधून विशीपासून सत्तरीपर्यंतची ५०० माणसं निवडली आणि त्यांच्या चाचण्या घेतल्या. मग दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावलं, आणि प्रत्येक वेळी नवी माणसंही त्यांत जोडली. हे काम काही दशकं चाललं. एकाच वेळच्या तुलनेत जी उतरती रेघ तिशीनंतर दिसत होती, ती तीच माणसं पुनःपुन्हा तपासल्यावर बरीचशी सपाट झाली. बहुतेक क्षमतांमध्ये साठीच्या आधी मोठी घट नव्हती. साठीनंतरची सुरुवातीची घट थोडी होती आणि ऐंशीच्या घरात ती ठळक होत होती. माणसामाणसांतला फरक तर इतका मोठा होता, की नुसत्या वयावरून कुणा एकाबद्दल काही सांगणं अवघड होतं.

याला उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातले टिमथी सॉल्टहाउस यांनी २००९ साली असा युक्तिवाद केला की त्याच माणसाला पुन्हा तीच परीक्षा दिली तर सरावाने त्याचे गुण वाढतात आणि खरी घसरण झाकली जाते. शिवाय ज्यांची तब्येत ढासळते ते पुढच्या फेरीला येतच नाहीत, म्हणून उरलेले हुशार दिसतात. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण ते हिशेबात धरूनही काम झालेलं आहे. स्वीडनमधल्या उमेओ शहरात १९८८ पासून चाललेल्या ‘बेट्युला’ प्रकल्पातल्या संशोधकांनी २००५ साली सरावाचा फायदा वजा करून आकडे मांडले. घडलेल्या प्रसंगांची आठवण साधारण साठीपर्यंत टिकून होती, मग उतरत होती. शब्दांचं आणि जगाचं ज्ञान साठीच्या आसपासपर्यंत वाढत होतं, आणि नंतरची त्याची घट किरकोळ होती. म्हणजे साठीनंतर काही क्षमता कमी होतात, हे खरं. विशीपासून सगळंच ओसरतं, हे खोटं.

समोरच्यांकडे याहूनही जोरकस पुरावा आहे, तो मीच पुढे ठेवतो. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातून २०१२ साली असं निघालं की तर्काच्या चाचणीतली घट ४५ ते ४९ या वयोगटातही दिसते. बातम्यांनी ती गोष्ट ‘पंचेचाळिशीतच मेंदू थकतो’ अशा थाटात सांगितली. आकडा काय होता? दहा वर्षांत ३.६ टक्के. तोही ठरावीक मिनिटांत जास्तीत जास्त प्रश्न सोडवण्याच्या परीक्षेत. शब्दसंपत्ती मात्र त्याच अभ्यासात कुठल्याच वयोगटात घटली नव्हती, ही ओळ मथळ्यात आली नाही. दहा वर्षांत ३.६ टक्क्यांच्या फरकावरून एखाद्याला निर्णय घेण्यास अपात्र मानायचं असेल, तर पंचेचाळिशीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला, शिक्षकाला आणि शल्यविशारदाला आजच घरी पाठवावं लागेल.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं, आणि शेवटचा १९६२ मध्ये निघाला तेव्हा ब्याऐंशी. हे सांगितलं की ‘ते अपवाद’ असं उत्तर येतं. मान्य आहे. म्हणूनच मी अपवादांवर भिस्त ठेवलेली नाही. वर दिले ते सगळे आकडे सामान्य माणसांच्या सरासरीचे आहेत.

वयाबरोबर कमी काय होतं, तेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर हा प्रतिवाद म्हणजे गोड बोलणं होईल. वेग कमी होतो. नवी नावं लक्षात ठेवणं जड जातं. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देताना ओढाताण होते. ओठांवर आलेला शब्द निसटतो. ऐंशीनंतर हे बहुतेकांच्या अनुभवाला येतं. पण वेग कमी झाला म्हणून काम बिघडतंच असं नाही, आणि याचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा प्रयोग त्याच सॉल्टहाउस यांचा आहे. १९८४ साली त्यांनी १९ ते ७२ वर्षांच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. दिवा लागला की बटण दाबा, अशा साध्या कसोटीत वयस्क टंकलेखक तरुणांपेक्षा स्पष्टपणे मागे पडत होते. बोटांची हालचालही धीमी होती. तरी मजकूर टंकताना त्यांचा वेग तरुणांइतकाच भरत होता. हे कसं होतं ते शोधायला त्यांनी पुढची अक्षरं झाकायला सुरुवात केली, म्हणजे टंकणाऱ्याला एका वेळी समोरची मोजकीच अक्षरं दिसतील. तेव्हा उलगडा झाला. झाकलेली अक्षरं वाढत गेली तसा वयस्कांचा वेग आधी पडला. बोट एका अक्षरावर असताना त्यांची नजर तरुणांच्या नजरेपेक्षा बरीच पुढे धावत होती, आणि हाताचा संथपणा त्या लांब नजरेने भरून निघत होता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या कामात ते आपोआप घडलं होतं. बटण दाबण्याच्या कसोटीवरून त्यांना कामावरून काढलं असतं तर नुकसान कार्यालयाचं झालं असतं.

कसोटी कशी घेतली यावर निकाल किती अवलंबून असतो, हे लोकांना माहीत नसतं. टॅमारा रहाल, लिन हॅशर आणि स्टॅन्ली कोलकोंब यांनी २००१ साली तरुण आणि वृद्ध अशा दोन गटांना काही फुटकळ माहितीची विधानं दिली आणि यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, हे सांगितलं. नंतर तीच विधानं ओळखायला लावली. एका वेळी सूचना देताना ‘ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे’ यावर भर दिला. दुसऱ्या वेळी स्मरणशक्तीचं नावच काढलं नाही. पहिल्या वेळी वृद्ध मागे पडले. दुसऱ्या वेळी दोन गटांतला फरक दिसेनासा झाला. सिंथिया मे आणि हॅशर यांनी त्याआधी, १९९३ मध्ये, वेळेचा परिणाम दाखवला होता. बहुतेक वृद्धांची बुद्धी सकाळी तल्लख असते आणि कॉलेजातल्या मुलांची दुपारनंतर. विद्यापीठातले प्रयोग मात्र सोयीसाठी बहुधा दुपारी होतात. भोवतालचा समाज ज्याला पदोपदी ‘तुम्ही आता विसरता’ असं सुनावतो, त्या माणसाला दुपारी चार वाजता बोलावून ‘आता तुमची स्मरणशक्ती तपासतो’ म्हणायचं, आणि निघालेली तूट सबंध त्याच्या मेंदूच्या खात्यावर टाकायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

प्रयोगशाळेबाहेर चित्र कधीकधी उलटंही होतं. अमुक वेळी फोन करायचा, तमुक दिवशी पत्र टाकायचं, अशी पुढची कामं लक्षात ठेवण्यात वृद्ध प्रयोगशाळेत तरुणांपेक्षा कमी पडतात. पण तेच काम त्यांच्या नेहमीच्या दिनक्रमात करायला दिलं की बरेचदा तरुणांपेक्षा चोख पार पाडतात. कॅलेंडरवर खूण करणं, गोळ्यांची डबी चहाच्या कपाशेजारी ठेवणं, ठरल्या वेळेला ठरलेलं काम करणं, हे सगळं त्यांच्या कामी येतं. कुणी म्हणेल, ही तर आधाराची काठी झाली. तरुणांच्या खिशात मोबाइलचा गजर असतो, त्याला आपण आधार म्हणून हिणवत नाही.

चाचण्यांचा प्रश्न आपल्याकडे आणखी तीव्र आहे. आणि इथे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या माझ्या आत्याला आम्ही शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं होतं, कारण ती हल्ली अबोल झाली होती. आत्या शाळेत कधी गेली नाही. वीसेक घरांचा दुधाचा रतीब तिने वर्षानुवर्षं तोंडी हिशेबावर चालवला. प्रश्न विचारणारी मुलगी तरुण होती, बोलायला मऊ होती. तिने विचारलं, ‘आजी, आज तारीख काय?’ आत्या म्हणाली, ‘आज आळंदीची एकादस न्हवं का.’ मुलीने पुन्हा तारीख विचारली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. कागदावर शून्य पडलं. कार्तिक महिना, वद्य पक्ष आणि तिथी, तिन्ही त्या उत्तरात बरोबर होती. मग, ‘शंभरातून सात वजा करा, आलेल्यातून पुन्हा सात, असं करत जा.’ आत्याने विचारलं, ‘कशातलं शंभर?’ त्याला उत्तर नव्हतं. मग एक वाक्य लिहायला सांगितलं. मग एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती पुढे केली, ती पाहून काढायची होती. आत्याने पेन हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. बेरीज तीसपैकी पंधराच्या आत आली. बाहेर औषधाच्या दुकानात परत मिळालेल्या नोटा तिने बोटांनी चाचपून मोजल्या आणि चाळीस रुपये कमी असल्याचं दुकानदाराला सांगितलं. ते खरोखरच कमी होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा अबोलपणाचं कारण कळलं. तिला ऐकू येत नव्हतं.

जी कसोटी तिला लावली ती मार्शल आणि सुझन फोल्स्टिन व पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत तयार केली. तीस गुणांची ती कसोटी आज जगभर वापरात आहे आणि चोवीसच्या खाली गुण आले की शंका घ्यायची असा प्रघात पडला आहे. त्या कसोटीवर शिक्षणाचा किती परिणाम होतो ते १९९३ साली अमेरिकेतच १८,०५६ लोकांच्या पाहणीतून निघालं. नऊ किंवा अधिक वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९ होता, पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६, आणि चार वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा २२. चोवीसची रेघ जशीच्या तशी लावली तर या शेवटच्या गटातली निम्म्याहून अधिक माणसं संशयित ठरतात, आणि त्यांचा एकमेव दोष म्हणजे त्यांना कुणी शाळेत घातलं नाही. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं गेलं होतं. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ इथे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी निरक्षर ग्रामीण माणसांसाठी या कसोटीचं हिंदी रूप बेतलं. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचून ती पाळायची, असा मूळ कसोटीतला एक प्रश्न आहे. त्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याने तसंच करायचं, असा बदल त्यांनी केला. काम तेच राहिलं, वाचण्याची अट गेली. एवढी समज तीस वर्षांपूर्वी हाताशी असताना आजही कुठे कुठे अशिक्षित आजीसमोर पंचकोन ठेवले जातात, याचा मला संताप येतो.

मेंदू आकसतो या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. आकसतो, हे खरं. पण आकारावरून माणसाचं वागणं वाचता येत नाही. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून अमेरिकेतल्या ६७८ जोगिणींचा अभ्यास केला. त्यांनी मृत्यूनंतर मेंदू तपासण्याला संमती दिली होती. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. हयातीत त्यांचे चाचण्यांतले गुण उत्तम होते, आणि मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. उलट दिशेचा पुरावाही आहे. २०११ साली १२० वृद्धांच्या एका प्रयोगात वर्षभर आठवड्यातून तीन दिवस वेगाने चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाचं, आकारमान सुमारे दोन टक्के वाढलं. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत उभी करू नये. पण मेंदू फक्त एकाच दिशेने जातो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना त्याचा विचार करावाच लागेल.

आता सर्वांत घातक समजुतीकडे येतो. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणाचंच पुढचं पाऊल, हे मत काही काळ वैद्यकशास्त्रातही मुरलेलं होतं. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णेची हकिकत मांडली, ती ऑगस्ट डेटर, रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. म्हणून पुढे कित्येक वर्षं ‘अल्झायमरचा आजार’ हा तरुण वयातल्या विरळ आजाराचा शिक्का राहिला आणि सत्तरी-ऐंशीतल्या माणसाची तीच लक्षणं ‘जरा’ म्हणून सोडून दिली जात. न्यूकॅसलमधल्या संशोधकांनी १९६८ साली वृद्धांच्या मेंदूतल्या बदलांचं प्रमाण आणि त्यांच्या स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांचा संबंध दाखवला. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ च्या एका छोट्या संपादकीयात ठामपणे लिहिलं की दोन्ही एकच आजार आहेत, आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्या एका पावलाने संशोधनाला पैसा आला, रुग्णांना नाव मिळालं, कुटुंबांना मदत मागता येऊ लागली. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणणारा डॉक्टर आज आपल्या रुग्णाला १९७६ च्या मागे नेऊन सोडतो.

आपल्याकडे किती जणांना हा आजार आहे, याचा अंदाज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाच्या देशव्यापी पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आला. साठी ओलांडलेल्यांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. ८८ लाख घरांतल्या माणसांना वैद्यकीय मदत हवी आहे. आणि साठीच्या पुढच्या दर शंभरातल्या ९२ हून अधिक जणांना स्मृतिभ्रंश नाही. या दुसऱ्या गटाला आपण पहिल्या गटाच्या भीतीखाली जगायला लावतो आणि पहिल्या गटाला दुसऱ्याच्या नावाखाली दुर्लक्षित ठेवतो. त्याच अभ्यासात हे प्रमाण स्त्रियांमध्ये, खेड्यांत आणि न शिकलेल्यांमध्ये जास्त निघालं. वय एकच कारण असतं तर साताऱ्यातल्या आणि मुंबईतल्या पंचाहत्तर वर्षांत एवढा फरक का पडावा?

फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासातून २०१६ साली जे निघालं, त्याने तर हा वाद माझ्या मते संपवला आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या तीन दशकांत, त्याच वयाच्या माणसांमध्ये स्मृतिभ्रंश नव्याने होण्याचं प्रमाण दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी घटत गेलं. साठीचा आकडा बदलला नव्हता, ऐंशीचाही नव्हता. बदलली होती माणसं. आणि घट दिसली ती शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच, बाकीच्यांमध्ये नाही. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली चौदा कारणं मांडली आणि जगातल्या स्मृतिभ्रंशाचा सुमारे ४५ टक्के वाटा त्यांच्याशी जोडलेला असल्याचा अंदाज दिला. त्यांत अपुरं शिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, एकाकीपण, दूषित हवा आणि उपचार न झालेली अधू दृष्टी आहे. हे अंदाज आहेत, एकेका माणसाचं भविष्य नव्हे, हे मी विसरत नाही. पण या यादीत वयावर बोट ठेवून हात झटकण्याला जागा नाही.

जे पूर्ण बरं होऊ शकतं, तेही या वाक्याखाली गाडलं जातं, आणि मला त्याचा सर्वांत जास्त राग आहे. बी-१२ ची कमतरता स्मरणावर आणि चालण्यावर परिणाम करते. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही कमतरता आपल्या लोकांत किती पसरलेली आहे ते दाखवून दिलं आहे, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. थायरॉइड मंद पडला तर माणूस संथ आणि विसराळू होतो. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य म्हातारपणी रडण्यातून दिसण्यापेक्षा विसरण्यातून आणि गप्प बसण्यातून दिसतं. झोपेची गोळी, सर्दीची गोळी, लघवीवर ताबा यावा म्हणून दिलेली गोळी, यांपैकी काही औषधं वृद्ध मेंदूला धूसर करतात, आणि तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांमध्ये ती एकमेकांवर चढतात. न्हाणीघरात पडून महिना झाला, तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता बोलणं अडखळतंय, तर कवटीच्या आत रक्त साचलेलं असू शकतं. दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलेली आजी बहुधा ‘म्हातारचळ’ लागलेली नसते. तिला लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झालेला असतो, आणि तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं असतं.

खऱ्या अल्झायमरवर आज पूर्ण बरं करणारं औषध नाही, हे कुणी पुढे करेल. बरोबर आहे. पण निदान वेळेत झालं तर रक्तदाब, साखर आणि पडझड सांभाळता येते, पैशाचे आणि मृत्युपत्राचे निर्णय माणूस स्वतःच्या समजुतीने घेऊ शकतो, आणि सून किंवा मुलगी जी रात्रंदिवस करते तिला निदान कळतं की समोरचा मुद्दाम छळत नाही. बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाला आपण ‘वय झालं’ म्हणून घरी बसवत नाही.

या भीतीवर पोट भरणारा बाजारही आहे, त्याला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देणार नाही. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या कंपनीने स्मृती टिकवण्याचे पुराव्याविना दावे केले, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत तिला २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले. एखाद्या खेळाचा सराव केला की तो खेळ चांगला जमतो, बाकीच्या जगण्यात त्याचा लाभ फारसा उतरत नाही. याउलट डॅलसमध्ये डेनिस पार्क यांच्या गटाने २०१४ साली छापलेल्या प्रयोगात साठीपुढच्या माणसांना आठवड्याला पंधरा तास, तीन महिने, गोधड्या शिवायला आणि डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रण करायला शिकवलं. प्रसंगांची स्मृती सुधारली. नुसत्या गप्पा आणि सहलींच्या गटात तसं झालं नाही. फरक होता तो नवं, अवघड काही शिकण्याचा. शाय आणि शेरी विलिस यांनी १९८६ साली तर ज्यांची घट झालीच होती त्यांनाही फक्त पाच तासांचं शिक्षण दिलं, आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणांची ती क्षमता चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परतली. आपल्या घरांत मात्र सत्तरीतल्या माणसाने बँकेचं अॅप शिकायला मागितलं की त्याच्या हातातून फोन काढून घेतला जातो आणि ‘द्या, मी करतो’ म्हटलं जातं.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी आरोग्य केंद्रं आहेत. तिथे साठीच्या पुढच्या माणसाची विसरण्याची तक्रार आली तर चार गोष्टी झाल्याशिवाय कागद बंद होऊ नये, एवढी माझी मागणी आहे. कान तपासावेत. बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त घ्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून त्यांतली कुठली मेंदूला झोपवते ते पाहावं. आणि स्मृतीची चाचणी घ्यायचीच असेल तर ती मराठीत, माणसाच्या शिक्षणाप्रमाणे बेतलेली, सकाळच्या वेळी घ्यावी. घरच्यांनीही सोबत जाताना नोंद न्यावी. नावं विसरतात की वस्तूंचा उपयोग विसरतात? किल्ली हरवते की किल्ली कशासाठी असते तेच हरवलं आहे? बदल वर्षांत झाला की आठवड्यांत? डॉक्टरांनी एवढं न विचारता ‘वय झालं’ म्हटलं, तर खुर्चीतून उठू नये. ‘याच वयाच्या बाकीच्यांना असं का होत नाही?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावं.